फॅक्स अजून का चालतो, आणि लाइन तोडण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुमची कंपनी सुटे भाग पुरवते. ऑफिसातले सगळे फोन आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावर, गेलेत, जुनी ॲनालॉग लाइन फक्त फॅक्सपुरती उरली आहे. तीही अडॅप्टर लावून आयपीवर घेऊन बघितली, तर मोठे फॅक्स अर्ध्यात तुटतात. मालक म्हणतात मशीन भंगारात काढा, विक्रीची मंडळी म्हणतात हात लावू नका. आणि तुम्हाला कोडं पडलंय की ईमेल, पीडीएफ, मोबाइलचा कॅमेरा हे सगळं असताना लोक या डबड्याला का चिकटून बसलेत. नुसता आळस आहे, की खरंच काही कारण आहे?

आळस आहेच थोडा, नाही म्हणणार नाही. मी ऑफिसांच्या टेलिफोन यंत्रणा बसवण्याचं आणि बदलण्याचं काम बरीच वर्षं करतोय, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी फॅक्सचं गाडं शेवटपर्यंत अडून राहतं. पण माझ्या मते तुम्ही बघताय स्वतःच्या मशीनकडे, आणि गाठ आहे दुसऱ्या टोकाला. तुमच्याकडे किती नवं तंत्रज्ञान आहे याला इथे फारशी किंमत नाही. तुमच्याशी व्यवहार करणाऱ्यांत जो सगळ्यात मागे आहे तो किती मागे आहे, आणि त्याचा धंदा तुम्हाला सोडून देणं परवडतं का, एवढ्यावर हा निर्णय ठरतो.

म्हणून ‘बंद करा’ किंवा ‘ठेवा’ असं एका शब्दात सांगता येत नाही. तुम्ही कोणत्या क्षेत्रात आहात, तिथला कायदा काय म्हणतो, तुमच्या जुन्या करारांत काय लिहिलंय, ऑर्डर पाठवणारा माणूस कोणत्या टेबलावर बसतो, सगळं बघावं लागतं. दवाखाना, वकील, विमा, बँक, गोदाम यांची कारणं एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. तरी काही गोष्टी सगळीकडे सारख्या दिसतात, त्यांपासून सुरू करतो.

पहिली गोष्ट पोच. फॅक्स लागताना नेमकं काय होतं ते एकदा कान देऊन ऐका. पाठवणारं मशीन दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्‌झचा टोन सोडतं: ‘मी फॅक्स आहे.’ समोरचं मशीन उचलतं आणि २१०० हर्ट्‌झचा लांब सूर देतं. मग ३०० बिट प्रति सेकंद इतक्या संथ वेगाने दोघं एकमेकांना आपापली कुवत सांगतात: कागद कोणता, रिझोल्यूशन किती, वेग किती झेपेल. एक चाचणीचा सिग्नल जातो, समोरून ‘जमतंय’ असं उत्तर आलं की पान निघतं. आणि पान संपल्यावर समोरचं मशीन त्याच कॉलमध्ये ‘मिळालं’ असा संदेश परत पाठवतं. तो आला नाही तर तुमच्या रिपोर्टवर ‘ओके’ छापून येत नाही. तारीख, वेळ, नंबर, पानं, किती सेकंद लागले आणि ‘ओके’: ती चिठ्ठी म्हणजे रजिस्टर पत्राची पोचपावतीच, फक्त पोस्टमनची वाट बघावी लागत नाही.

ईमेलमध्ये हे नाही. तुमच्या सर्व्हरने मेल समोरच्या सर्व्हरकडे सोपवली की तुमच्या बाजूने काम संपलं. तिथून ती इनबॉक्समध्ये गेली, स्पॅममध्ये गेली, की मधल्या फिल्टरने गुपचूप गिळली, हे तुम्हाला कळेलच असं नाही. ‘वाचल्याची पावती’ मागता येते, पण ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर. ‘मेल आलीच नाही’ असं म्हणणं म्हणून सोपं आहे. ‘फॅक्स आलाच नाही’ म्हणणाऱ्यासमोर मात्र हिशोबखात्यातला माणूस फाइल उघडून ती चिठ्ठी ठेवतो, आणि वाद तिथेच मिटतो.

आता या चिठ्ठीला लोक जेवढा मान देतात तेवढी तिची योग्यता आहे का? नाही. ‘ओके’चा अर्थ इतकाच की समोरच्या मशीनने पानं घेतली. टोनर संपला असेल तर ती मेमरीत पडून असतील, किंवा ट्रेमधून कुणीतरी दुसऱ्याच कागदांबरोबर उचलून नेली असतील. आणि नंबर चुकीचा दाबला असेल तर तिऱ्हाईताच्या मशीनवर पडलेल्या कागदालाही तोच ‘ओके’ मिळतो. तरीही दोन कंपन्यांमधल्या भांडणात ही चिठ्ठी चालते, कारण दोघांनीही ती वर्षानुवर्षं मानली आहे. पुरावा म्हणून एखादी गोष्ट टिकते ती बऱ्याचदा अशीच.

दुसरं कारण कुणी फारसं बोलत नाही, पण मला ते सगळ्यात भक्कम वाटतं. फॅक्स हे असं एकच दस्तऐवज-तंत्र आहे ज्यात दोन अनोळखी कंपन्यांना आधी काहीही ठरवावं लागत नाही. नंबर फिरवला की झालं. तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता, कोणती आवृत्ती, लॉगिन कुणाकडे, यातलं काहीच लागत नाही. याचं श्रेय १९८० साली ठरलेल्या ग्रुप ३ या आंतरराष्ट्रीय मानकाला. त्याआधी मशीनं होती. किंबहुना फॅक्सची मूळ कल्पना टेलिफोनहून जुनी आहे. अलेक्झांडर बेनचं पेटंट १८४३चं, बेलचं टेलिफोनचं १८७६चं. पण १९६६मध्ये झेरॉक्सने काढलेलं मॅग्नाफॅक्स टेलिकॉपियर एका पानाला सुमारे सहा मिनिटं घ्यायचं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनांचं एकमेकांशी जमेलच याची खात्री नव्हती. ग्रुप ३ने पान मिनिटभरावर किंवा त्याच्याही खाली आणलं, आणि कुणाचंही मशीन कुणाशीही बोलू लागलं. त्या काळातलं चालू स्थितीतलं मशीन आजच्या मल्टिफंक्शन प्रिंटरला फॅक्स पाठवू शकतं. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आज उघडून बघा म्हणजे हे किती दुर्मीळ आहे ते कळेल.

अमेरिकेतल्या दवाखान्यांचं उदाहरण इथे बरोबर बसतं. २००९च्या हायटेक कायद्यानंतर तिथे सरकारने पैसे देऊन डॉक्टरांना संगणकीय नोंदींकडे वळवलं. नोंदी झाल्या, पण एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली नोंद दुसरीच्या सॉफ्टवेअरला वाचता येईना. मग एका संगणकावरून कागद छापायचा, फॅक्स करायचा, आणि पलीकडे तो स्कॅन करून दुसऱ्या संगणकात घालायचा. म्हणजे दोन्ही टोकांना अद्ययावत यंत्रणा आणि मध्ये फॅक्सचा पूल. ऑगस्ट २०१८मध्ये तिथल्या मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याच्या यंत्रणेच्या तेव्हाच्या प्रमुख सीमा वर्मा यांनी २०२०पर्यंत डॉक्टरांची ऑफिसं फॅक्समुक्त करण्याचं आवाहन केलं होतं. २०२० आलं, गेलं, फॅक्स राहिला. मशीन हटवणं सोपं होतं. तो जो पूल बांधत होता त्याला पर्याय देणं अवघड होतं.

तिसरं कारण तुमच्या विक्रीवाल्यांचं असावं असा माझा अंदाज आहे, आणि ते मशीनच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. एका पुरवठादाराकडे मी हे जवळून बघितलंय. फॅक्सवरून ऑर्डर पडली की डिस्पॅचवाली बाई ती उचलायची, ‘आवक’ शिक्का मारून वेळ लिहायची, जो भाग शिल्लक नाही त्यावर लाल पेनाने गोल, बाकीच्यांसमोर बरोबरची खूण. मग कागद डाव्या ट्रेमध्ये. माल निघाला की त्यावर गाडीचा नंबर आणि कागद उजव्या ट्रेमध्ये. संध्याकाळी डावा ट्रे रिकामा दिसला पाहिजे, एवढाच नियम. वरच्या साहेबाला कुठलाही रिपोर्ट मागवावा लागत नसे, येता-जाता ट्रेकडे नजर टाकली की झालं. पुढे व्यवस्थापनाने ऑर्डर एका सामायिक मेलबॉक्सवर घ्यायला सुरुवात केली. तिघं जण तो बघायचे. एकाने मेल उघडली की दुसऱ्याला ती वाचलेली दिसायची, त्याला वाटायचं बघितली कुणीतरी. ऑर्डरी राहायला लागल्या. मेलचा त्यात दोष नव्हता. ट्रे करत असलेलं काम कुणाकडेच सोपवलं गेलं नव्हतं.

तेव्हा विक्रीवाले ‘हात लावू नका’ म्हणतात तेव्हा त्यांना विचारा की कागद आल्यावर त्याचं पुढे काय होतं. ते नीट सांगता आलं, तर पर्याय काय द्यायचा तेही त्यातच असतं.

कायद्याचं थोडक्यात. फॅक्सवरची सही चालते आणि इलेक्ट्रॉनिक चालत नाही, हा समज बहुतेक ठिकाणी जुना झालाय. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक सहीला २००० सालच्या ई-साइन कायद्याने मान्यता दिली, युरोपीय संघात २०१६च्या जुलैपासून लागू झालेल्या ईआयडास नियमाने. जर्मनीत वकील मंडळी मुदतीच्या शेवटच्या रात्री कोर्टात फॅक्सने कागद टाकत असत. १ जानेवारी २०२२पासून त्यांना ते इलेक्ट्रॉनिक मार्गानेच दाखल करणं सक्तीचं झालं. कायदा वाट अडवत नाही, अडवतो जुना करार. ‘नोटीस रजिस्टर पोस्टाने, कुरियरने किंवा खालील फॅक्स नंबरवर द्यावी’ असं कलम तुमच्या कितीतरी जुन्या करारांत असेल. तो नंबर तुम्ही बंद केलात आणि समोरच्याने त्यावर नोटीस पाठवायचा प्रयत्न केला, तर ‘आम्ही लाइन काढली होती’ हे उत्तर कितपत टिकेल, हे तुमच्या वकिलांना आधीच विचारा. हे कलम आयटीवाल्यांच्या डोळ्यांखालून जात नाही, हीच अडचण असते.

आणि आता सुरक्षितता. फॅक्स सुरक्षित म्हणून ठेवलाय, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. यातला अर्धा भाग खरा होता. तांब्याच्या तारेवरून सरळ मशीनपासून मशीनपर्यंत जाणारा कॉल मधे चोरायचा तर तारेपर्यंत पोचावं लागायचं. दूर देशात बसून हजारो मेलबॉक्सवर एकदम गळ टाकण्याचा प्रकार तिथे जमत नव्हता. फसवी लिंक फॅक्सच्या कागदावर क्लिक करता येत नाही, हेही खरं. पण ग्रुप ३ फॅक्सला मुळात एन्क्रिप्शन नाही. वर छापून येणारा पाठवणाऱ्याचा नंबर मशीनच्या सेटिंगमध्ये हवा तो टाकता येतो. आणि आज तो कॉल बहुतेक ठिकाणी वाटेत कुठेतरी इंटरनेट पॅकेट होऊनच जातो, पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो. नेमकं हेच कारण देऊन जर्मनीतल्या ब्रेमेन राज्याच्या माहिती-संरक्षण आयुक्तालयाने २०२१मध्ये सांगितलं की वैयक्तिक माहितीसाठी साधा फॅक्स पुरेसा सुरक्षित नाही. २०१८मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तर फॅक्सच्या लाइनवरून खास बनवलेलं चित्र पाठवून एका मल्टिफंक्शन प्रिंटरचा ताबा घेऊन दाखवला, आणि तिथून आतल्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवलं. फक्त फॅक्स नंबर माहीत असला की पुरे होतं.

यापेक्षा साधी गळती वेगळीच असते. थर्मल फिल्मच्या रोलवर छापणारी जुनी मशीनं आठवा. तो काळा रोल संपला की आपण कचऱ्यात टाकतो. तो उलगडून उजेडासमोर धरला तर त्यावर आलेलं प्रत्येक पान उलट्या छायेत वाचता येतं: नावं, रकमा, सह्या, सगळं. मी नव्या ग्राहकाकडे गेलो की कचऱ्यातला रोल काढून दाखवतो, मग पुढची चर्चा पटकन होते. लेसर मशीनमध्ये रोल नसतो, पण आत मेमरी किंवा हार्डडिस्क असते. भंगारात काढणार असाल तर आधी ती पुसा. मालकांना हे आवर्जून सांगा.

सरकारी हुकमाने फॅक्स जातो का, यावरही एक नजर टाकायला हरकत नाही. २०१८मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत जवळपास ९००० फॅक्स मशीनं अजून वापरात असल्याचं आढळलं. जानेवारी २०१९पासून नवी खरेदी बंद आणि ३१ मार्च २०२०पर्यंत वापर संपवायचा, असा आदेश निघाला. जपानमध्ये कोव्हिडच्या सुरुवातीला रुग्णांचे अहवाल हाताने भरून फॅक्सने जात होते, त्यावर टीका झाली आणि २०२०च्या मे महिन्यात ऑनलाइन यंत्रणा सुरू झाली. पण पुढच्याच वर्षी मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कार्यालयांतून फॅक्स काढायचं म्हटल्यावर खात्यांकडून शेकडो हरकती आल्या. माझा निष्कर्ष असा की दोन्ही टोकं एकाच हुकमाखाली असतील तरच हुकूम चालतो. तुमच्या बाबतीत दुसरं टोक तुमच्या हाताखाली नाही.

मग तुम्ही करायचं काय? आधी तुटणाऱ्या फॅक्सकडे बघू, कारण त्याचं कारण बहुधा साधं आहे. आयपी फोन आवाजासाठी बनलेला आहे. बोलताना पाव क्षण गळला तरी कान तो भरून घेतो. फॅक्सच्या आतल्या मॉडेमला ते जमत नाही. लाइनवर आवाज दाबून पाठवणारा जी.७२९सारखा कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) असेल तर फॅक्स चालणारच नाही, जी.७११ हवा. त्याहून चांगलं म्हणजे तुमचा अडॅप्टर आणि तुमची सेवा देणारी कंपनी दोघंही टी.३८ देतात का ते बघा. त्यात फॅक्सचा सूर आवाज म्हणून न पाठवता त्यातली माहिती पॅकेटमधून जाते. ‘दोघंही’ हा शब्द महत्त्वाचा. एकानेच दिलं तर उपयोग नाही. मशीनचा वेग १४४०० बिट प्रति सेकंदावरून ९६००वर आणा, सुपर जी३ हा जास्त वेगाचा प्रकार बंद ठेवा. नेटवर्क फारच गळकं असेल तर एरर करेक्शनमुळे खराब तुकडे पुन्हा पुन्हा मागवले जातात आणि लांबलचक फॅक्स शेवटी दम सोडतो. अशा वेळी ते बंद करून बघतात, पण मग पानावर पांढऱ्या रेघा येऊ शकतात. भागांच्या यादीत एक ओळ गायब होणं तुम्हाला परवडणार नाही, म्हणून मी तुमच्या जागी ते चालूच ठेवेन. छोटे फॅक्स जातात आणि मोठे तुटतात, हे तुम्ही लिहिलेलं लक्षण या सगळ्याशी तंतोतंत जुळतं.

माझा सल्ला मात्र अडॅप्टरशी झटत बसण्याचा नाही. मशीन काढा, नंबर ठेवा. नंबर एखाद्या फॅक्स सर्व्हरवर किंवा ऑनलाइन फॅक्स सेवेवर न्या. पाठवणाऱ्याला काही बदललंय हे कळतही नाही, त्याला त्याचा ‘ओके’ मिळतो. तुमच्याकडे पीडीएफ येते. फक्त ती सामायिक मेलबॉक्समध्ये सोडू नका. तुमच्या ऑर्डरच्या प्रणालीत रांग करून लावा, प्रत्येक पीडीएफला एकच धनी असू द्या, आणि ‘उचलली’, ‘निघाली’ अशी खूण करायची सोय द्या. डाव्या-उजव्या ट्रेचं काम तिथे झालं पाहिजे. सेवा घेताना फायली त्यांच्याकडे किती दिवस राहतात आणि कुठे, हे लेखी मागा. मघाच्या काळ्या रोलचा हा नवा अवतार आहे.

त्याआधी मशीनचं जर्नल, म्हणजे आल्या-गेल्या फॅक्सची नोंद, छापून घ्या, शक्य तितकं मागचं. कोणत्या नंबरांवरून येतं, किती वेळा, ते दिसेल. अनुभव असा की बराचसा कचरा जाहिरातींचा निघतो आणि खरी कामाची मंडळी मूठभर असतात. त्यांना परिपत्रक पाठवू नका, फोन करा, आणि त्यांच्या मालकाला न करता ऑर्डर टाकणाऱ्या माणसालाच करा. काहींना मेल चालेल, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं. काहींच्या यंत्रणेतून ऑर्डर आपोआप फॅक्सवर जात असते आणि तिथे कुणाला बदलायचा अधिकारच नसतो; त्यांच्यासाठीच तो नंबर ठेवायचा.

आणि घाई एकाच गोष्टीची करा. जुन्या तांब्याच्या लाइनी सगळीकडेच जायला लागल्यात. ब्रिटनमध्ये त्यांची मुदत डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७पर्यंत पुढे गेली, पण रद्द झालेली नाही. तुमची लाइन तुम्ही तोडा किंवा कंपनी तोडो, त्याआधी नंबर नव्या सेवेकडे वळवण्याचा अर्ज पूर्ण होऊन तो तिथे वाजतोय याची खात्री करा. लाइन आधी बंद झाली तर तो नंबर परत मिळण्याची हमी बहुधा कुणी देत नाही, आणि तुमच्या जुन्या करारांवर तोच छापलेला आहे.